सळी

या खात्यात आले तेव्हा माझ्याकडे होती
रंगीत रकान्यांची एक एक्सेल शीट,
'गळती शोध, रात्रपाळी' नावाचा ग्रुप
आणि दर सोमवारी अकराची बैठक.
मी विचारायचे, काही अडचण?
सात माणसं एका दमात म्हणायची, नाही मॅडम.
मी लिहायचे: निरंक.

आवडायचा मला तो शब्द.
घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखा.

मग डोंगरीत एका छापखान्याच्या तळघरात
तीन आठवडे पाणी झिरपत राहिलं,
लग्नपत्रिकांचे गठ्ठे फुगून पाव झाले.
त्या गल्लीपुढे आमच्या शीटमध्ये हिरवा रंग होता.
तपासणी: लाडकू भोईर.
मी मेमो काढला. सदर बाबतीत
आपणांवर कारवाई का करण्यात येऊ नये,
याची कारणे तीन दिवसांत.
भोईरांनी खाली सही केली, 'मिळाला' लिहिलं,
पेनाचं टोपण लावून पेन मला परत दिलं.
एवढंच.

चौथ्या दिवशी मीच गेले रात्रपाळीला.
पावणेचार. त्या भागात पाणी सुटायची वेळ.
भोईर म्हणाले, आता ऐकायचं.
नळात जोर नसला तर फुटका नळ पण गप असतो.
आणि दिवसा रस्ताच एवढा बोलतो
की खालच्याचं कोण ऐकतो?

हे त्यांनी मला उद्देशून म्हटलं नव्हतं.
मी उगाच पदर सारखा केला.

लोखंडी सळी. एक टोक डांबरावर,
वरची वाटी कानाला.
भोईर वाकले, डोळे मिटले,
आणि मागून इस्माईल परकारने
आपल्या सळीवरचा कान न काढता
त्यांच्या पाठीवर दोन बोटं टेकवली.
भोईर म्हणाले, इथे आहे.
पुढच्या खांबापाशी एक बोट.
भोईर म्हणाले, इथे नाही.

तिसऱ्या खांबापाशी मला कळलं.

कुणीच काही बोललं नाही.
बंद दुकानाच्या फळीवर बसून
सायकलवाल्याचा चहा घेतला आम्ही.
कप अर्धा झाल्यावर परकार म्हणाला,
त्या आठवड्यात मी गावी होतो मॅडम. बाणकोटला.
आईचं डोळ्याचं ऑपरेशन.
भोईर कपाकडे बघत म्हणाले,
उजवा गेला दोन वर्षांमागं. डावा आता चाललाय.
सांगितलं असतं तर स्टोअरला बसवलं असतं.
तिथे काय ऐकू? पाने आणि वायसर?

दोन वर्षं. म्हणजे शंभरेक सोमवार.
त्यातले साठ माझे.
साठ वेळा सात माणसांनी
एका माणसाचा कान माझ्यापासून लपवला
आणि मी त्याला शिस्त समजत होते.

मी सळी मागितली.
पहिल्यांदा नुसतं माझंच रक्त वाजलं.
भोईर म्हणाले, श्वास सोडा.
घाई केली की आपलाच आवाज येतो.
मग खूप खाली, कुणीतरी
दात आवळून सी करावं तसं काहीतरी.

जावक क्रमांक पडलेला कागद फाडता येत नाही.
त्याच्या उत्तराची तीन दिवसांची मुदतही संपली होती.
मी फाईलवर टीप लिहिली, खोडली, परत लिहिली.
भोईर नव्या पोरांना शिकवतील, असं काहीसं.
वरून अजून सही आलेली नाही.
येईलच असं मी त्यांना सांगितलेलं नाही,
नाहीतर तोही एक हिरवा रकाना झाला असता.

आज सोमवार.
शीट बंद ठेवलीय. विचारलं, काही अडचण?
नाही मॅडम.
मी पेन खाली ठेवलं आणि तशीच बसले.
पंख्याची कुरकुर. जिन्यावर कुणाच्या तरी चपला.
परकार टेबलाच्या कडेचं सनमायका सोलतोय.
मी अजून काही बोलले नाही.
श्वास सोडला.

शेवटच्या खुर्चीवरचा पोरगा, नवा,
ज्याचं नाव मला दोनदा विचारावं लागलं होतं,
घसा खाकरतो.